मांजरीची पिल्लं तोलायला घेतलेला वजनकाटा: नऊ आठवडे वापरून

माझ्याकडून दिवाळीला चकल्या-चिवडा नेणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर आधीच सांगून टाकते, फराळाचा काटा वेगळा आहे. तो मोठा, स्टीलच्या ताटाचा, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेला. वजनावर माल विकायचा तर काटा पडताळून शिक्का घ्यावाच लागतो, तसा कायदाच आहे, आणि त्या काट्यावर मी स्वतःचा मोबाइलसुद्धा ठेवत नाही. हा रिव्ह्यू दुसऱ्या काट्याचा. पांढरा, प्लॅस्टिकचा, वर गोल तबकडी, दहा किलोपर्यंत वजन घेणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळ भांड्यांच्या दुकानात ४३० रुपयांना मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. हाच साचा आणि हीच बटणं पाच-सहा नावांनी विकायला आहेत. दुकानदाराने तीन खोकी उघडून दाखवली, तिन्हींत सख्खी भावंडं निघाली.

खोक्यावर केकचं आणि सॅलडचं चित्र आहे. मी तो मांजरीच्या पिल्लांसाठी घेतला आणि रोज सकाळी सात वाजता नऊ आठवडे वापरला. त्या वापराचा हा रिव्ह्यू आहे, केकचं मला काही विचारू नका.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक भटकी मांजर आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. वाघाची मावशी म्हणून असेल, पण वागणंही तसंच: न सांगता येते, खाऊन जाते आणि जाताना नावं ठेवल्यासारखं बघते. आम्ही तळमजल्यावर राहतो. २०२५ च्या जूनमध्ये, वटपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले असतील, रात्री साडेअकराला मुसळधार पाऊस लागला आणि मावशी गॅलरीत आली. तिथे तेलाच्या पाऊचचं रिकामं खोकं पडलं होतं. सकाळी चहा टाकायला उठले तर खोक्यात चार. एक पिवळा, एक पट्टेरी, एक तिरंगी आणि एक पांढरं, पाठीवर खसखस शिंपडल्यासारखे ठिपके असलेलं. फराळवालीच्या घरी जन्माला आल्यावर नावं काय पडणार? शेव, चकली, चिवडा आणि अनारसा.

आमच्या ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं औषधं, टॉनिक, काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "काकू, आई दूध पाजतेय ना? मग तुम्ही हात लावू नका. तिला भरपूर खायला द्या, पिल्लांना कोरडं आणि उबदार ठेवा, आणि दिवसातून एकदा वजन करा. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे." मी म्हटलं, वजन कशावर करू? तर म्हणाले, "स्वयंपाकघरात काटा असेलच की." आहे, पण शिक्क्याचा. म्हणून हा दुसरा घेतला.

आता काटा. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे तो खरं बोलतो का बघणं. धंद्यातली सवय आहे ही. माझ्याकडे दहा रुपयांची नाणी डबाभर साठली होती, कारण आमच्या नाक्यावर ती कोणी घेत नाही, "चालत नाहीत" म्हणतात. चालतात, पण भांडत कोण बसणार? त्या नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम असतं, म्हणजे दहा नाणी ७७ ग्रॅम. ओट्याच्या ग्रॅनाइटवर काटा ठेवला, दहा नाणी ठेवली, बरोबर ७७. मग अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवली, ५१८. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, अर्धा लिटर ५१५ च्या आसपास भरतं, वर पिशवीचं प्लॅस्टिक. म्हणजे इथेही ठीक. पण तोच काटा गॅलरीतल्या लादीवर, दोन लाद्यांच्या सांध्यावर ठेवला तर नाणी ७५ झाली. आत ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी असते, वजनाने ती केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा निघतो. काट्याचा एक पाय अधांतरी राहिला की पट्टीवर भार वाकडा येतो. दोन ग्रॅम म्हणजे साखरेत काहीच नाही. ऐंशी ग्रॅमच्या पिल्लात दोन ग्रॅम म्हणजे आजचा दिवस बरा गेला की वाईट, एवढा फरक. त्यामुळे काटा ओट्यावरच ठेवायचा आणि वरचा पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्यानेही एखादा ग्रॅम नाचतो.

पिल्लू नुसतं तबकडीवर ठेवता येत नाही, घसरतं. अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, तळाला जुन्या सुती साडीचा तुकडा घातला. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकतात. डबा ठेवायचा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग पिल्लू आत सोडायचं. पहिल्या आठवड्यात डोळे मिटलेले, कान चिकटलेले, ते डब्यात गोल फिरत राहतं आणि आकडा त्याच्याबरोबर फिरतो. ९६, १०१, ९८, ९८, ९४. जो आकडा दोनदा लागोपाठ आला तो वहीत लिहायचा, असा मी नियम केला. महागड्या काट्यांना आकडा धरून ठेवायची सोय असते म्हणतात. याला नाही. ही पहिली तक्रार, पण ४३० रुपयांत चालवून घेतली.

पहिले चार दिवस वहीत आहेत तसे देते.

१३ जून: शेव १०६, चकली १०१, चिवडा ९८, अनारसा ७९.
१४ जून: ११७, १११, १०९, ८०.
१५ जून: १२९, १२१, ११८, ७८.
१६ जून: १४१, १३२, १२९, ७५.

या चार ओळींत काट्याचे पैसे वसूल झाले. कारण डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. चौघंही मावशीच्या पोटाला चिकटलेली असायची, चौघांचीही तोंडं हलत असायची. अनारसा उलट सगळ्यांत जास्त वेळ चिकटलेला असायचा, आणि मला वाटायचं, लहान आहे पण बघा किती पितोय. सासूबाईंनाही तेच वाटत होतं. "ताजव्यात तोलून कुठे जीव वाढवतात का? आमच्या कोकणातल्या घरी मांजरं पन्नासदा व्याली असतील, कोण वजन करत बसलं होतं?" मी विचारलं, "त्यांतली किती जगली?" त्या म्हणाल्या, "ज्यांना जगायचं होतं ती जगली," आणि पोथी उघडली.

सोळा तारखेला मी चौघांना टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. मावशीला पिशवीतून सुकट दाखवत न्यावं लागलं, तो प्रवास वेगळाच लिहावा लागेल. डॉक्टरांनी अनारसाचं तोंड उघडून टाळू फाटलेला नाही ना ते पाहिलं. नव्हता. मग हात लावून म्हणाले, "हा गार आहे." एवढ्या लहान पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. बाकीचे तिघं मोठे, ढकलून भरलेले सड पकडतात, हा रिकाम्या सडाला लटकून दिवस काढतो. दमला की गार पडतो, गार पडला की ओढायची ताकद राहत नाही. आणि गार पिल्लाच्या पोटात घातलेलं दूध पचत नाही, म्हणून आधी ऊब, मग दूध. हे उलटं करायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

त्यानंतरच्या चार दिवसांत जे जे विकत घेतलं त्याचाही इथेच निकाल लावते. मांजरीच्या पिल्लांच्या दुधाची पावडर: महाग, पण घ्यावीच लागते, गाईम्हशीचं दूध त्यांना मानवत नाही. तिच्याबरोबर मिळणारी चिमुकली बाटली: फालतू. बुचाला भोकच नसतं, ते आपण गरम सुईने पाडायचं आणि ते हमखास मोठं पडतं. मग दूध बदाबदा येऊन नाकात जातं. मेडिकलमधून पाच रुपयांची सुईशिवायची दोन मिलीची सिरिंज आणली, ती बाटलीपेक्षा शंभरपट बरी. थेंब थेंब सोडता येतं. पिल्लाला पालथंच ठेवायचं, जसं ते आईजवळ असतं तसं. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. शेकायची रबरी पिशवी: घरातलीच, साडीत गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. तीन तासांत निवते, निवली की उलट तीच ऊब ओढून घेते, म्हणून घड्याळ लावून बदलायची.

तर दर तीन तासांनी दोन मिली, आणि दिवसातून चार वेळा शेव आणि चकलीला वीस मिनिटं वेगळ्या टोपलीत ठेवून अनारसाला भरलेल्या सडाशी लावायचं. मावशीने यावर आक्षेप घेतला नाही, पण तिसऱ्या दिवशी ती बाहेर गेलीय असं समजून मी शेवला उचलला तेव्हा ती मागेच होती. मनगटावर पंजा बसला. रक्त आलं नाही, नुसतं खरवडलं, तरी भटक्या मांजरीचं खरवडणं अंगावर काढायचं नसतं. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि पालिकेच्या दवाखान्यात गेले. रेबीजची लस तिथे फुकट मिळाली, दोन्ही दंडांवर कातडीत, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. त्या तारखाही त्याच वहीत आहेत, अनारसाच्या वजनांच्या शेजारी.

१७ जूनला अनारसा ७७. त्या रात्री सासूबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. जन्मानंतर सहाव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून घरोघरी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. मी काही तसलं करणार नव्हते. पण खोक्याशेजारी स्टुलावर माझी वही उघडी होती आणि तिच्यावर पेन. त्या म्हणाल्या, "ठेवलीस तर आहेस," आणि झोपायला गेल्या. सकाळी सात वाजता डबा, टेअर, पिल्लू. ८१. मी पुन्हा टेअर करून पुन्हा ठेवला. ८१. दुसऱ्या दिवशी ८८.

मला ठाऊक आहे की ते पावडरचं दूध होतं. तरी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय.

आता तक्रारी, आणि त्या मोजून तीन आहेत.

सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे एककाचं बटण. टेअरला खेटूनच आहे, दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची. २१ जूनच्या सकाळी चकलीला डब्यात ठेवली आणि आकडा आला ६.२. माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशी १६७ होती. मुठीत गच्च भरणारं, केकाटणारं पिल्लू समोर आहे हे डोळ्यांना दिसतंय आणि मी मात्र आकड्याकडे बघत बसलेय. शेवटी मुलाने कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून दाखवली, काटा औंसांवर गेला होता. ६.२ औंस म्हणजे १७६ ग्रॅम, म्हणजे उलट नऊने वाढली होती. आपल्याकडे कोणत्या स्वयंपाकघरात औंस लागतात? त्या बटणावर मी टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला लागते आणि हात मागे येतो. काट्यात केलेली एवढीच सुधारणा, पण कंपनीने करायला हवी होती.

दुसरी तक्रार, तो आपोआप बंद होतो. दोन मिनिटं आकडा हलला नाही की झोपतो. पिल्लू आत असताना चालू केलात तर डब्यासकट पिल्लाला शून्य धरतो. म्हणजे टवटवीत पिल्लाचं वजन शून्य. मग सगळं उतरवा आणि पहिल्यापासून सुरू करा. डब्याचं वजन मी त्याच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवलं, ३१ ग्रॅम, कापडासकट ३८. टेअर विसरलं तरी वजाबाकी करता येते.

तिसरी म्हणजे बटणांच्या कडेला फट आहे. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लं आपणहून शी-शू करत नाहीत, आई चाटून करवते. त्यानंतर मात्र ती शिकतात, आणि चिवडा काट्यावरच शिकली. पाणी आत गेलं, काचेवर दोन दिवस धुकं होतं. वाळल्यावर पूर्ववत झाला, नाणी पुन्हा ७७. तेव्हापासून काटा पारदर्शक पिशवीत घालून वापरते, बटणं वरूनही दाबता येतात.

हा काटा ज्या कामाला कमी पडतो तेही सांगते. मला वाटलं होतं, दूध पिण्याआधी आणि प्यायल्यावर वजन करून किती प्यालं ते कळेल. नाही कळत. पिल्लू एका वेळी दोन-तीन ग्रॅम पितं आणि काट्याची स्वतःची चूकच एखाद-दोन ग्रॅम असते. त्यासाठी सोनाराकडे असतो तसला बारीक काटा लागेल. तो पाचशे ग्रॅमपर्यंतच जातो, म्हणजे पाच आठवड्यांत पिल्लंच त्याच्या बाहेर जातील. रोज एकाच वेळेला, एकाच जागी केलेलं वजन आणि त्याची चढण, एवढंच याचं काम. ते तो नीट करतो.

मधल्या काळात मावशीने घर बदललं. मांजर सात घरं फिरवते म्हणतात, आमच्याकडे एकच झालं आणि चूक आमची होती. कामाला येणाऱ्या ताईंनी गॅलरी फिनेलने पुसली. त्यांचा काय दोष, रोजच पुसतात. पण मांजरांना ते विषारी, अंग चाटतात त्यामुळे पोटात जातं, आणि वासाने तर मावशीचं डोकंच फिरलं. तासाभरात तिने चौघांना एकेक करून मानेला धरून जिन्याखाली मीटरच्या खोलीत नेऊन टाकलं. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत हे तेव्हा अगदी जवळून पाहिलं, अनारसा तिच्या तोंडात ओल्या मोज्यासारखा लोंबत होता आणि चकार शब्द काढत नव्हता. मीटरच्या खोलीवरून सेक्रेटरींशी जे बोलणं झालं ते इथे देत नाही. गॅलरी नुसत्या गरम पाण्याने तीनदा धुतली, कपाटातल्या डांबरगोळ्याही काढून टाकल्या, खोकं बदललं, आणि रात्री मावशी आपली आपण परत आली. मीटरच्या खोलीतही सकाळी सातचं वजन चुकलं नाही. मोबाइलच्या उजेडात, जमिनीवर पाट टाकून, त्यावर काटा. आकडा ओट्यावरच्यापेक्षा एकने कमी येतोय असा संशय आहे.

६ जुलैला आषाढी. पिल्लं चोवीस दिवसांची, पाय फुटले होते, मावशीच्या ताटलीत तोंड घालायला लागली होती. मी मावशीसाठी रोज बिनमिठाची, बिनकांद्या-लसणीची कोंबडी उकडायची, कांदा-लसूण मांजरांना बाधतो. दूध पाजणारी मांजर एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते, लहान पिल्लांचं कोरडं खाणं तिला दिलं तर ते तिलाही मानवतं. पण एकादशीला घरात कोंबडी शिजणार नाही हे सासूबाईंचं स्पष्ट होतं, आणि ते मला मान्यही होतं. कोरडं खाणं होतंच. मात्र दुपारी मी साबुदाण्याच्या ऑर्डरमध्ये असताना त्यांना पिल्लांची दया आली आणि त्यांनी वाटीभर म्हशीचं दूध गॅलरीत ठेवलं. सात तारखेच्या सकाळी शेव ३९४ वरून ३७७. चकली अकराने खाली, चिवडा नऊने. शेवचं ढुंगण पिवळं दिसलं ते त्यानंतर. म्हणजे आकडा आधी बोलला, आणि त्यामुळे दुपारी औषध सुरू झालं. एवढ्याशा जिवाला जुलाब लागले तर बघता बघता सुकतो, वाट बघायची नसते.

एकटा अनारसा तीन ग्रॅमने वर होता. तो वाटीपर्यंत पोहोचलाच नव्हता, भाऊ-बहिणींनी पोहोचू दिलं नव्हतं.

सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सात वाजता ओट्याशी येऊन उभ्या राहायला लागल्या. "पिवळ्याचं किती?" मी आकडा सांगायची, त्या मान हलवायच्या. नंतर नंतर आकडा त्याच सांगायला लागल्या, मी चष्मा शोधेपर्यंत धीर नसायचा त्यांना.

जंताचं औषध वजनावर असतं, तेव्हा वही पुन्हा कामाला आली. दवाखान्यातला काटा कुत्र्यांसाठीचा, जमिनीवरचा मोठा फलाट. चौघांनाही ०.४ दाखवत होता, सगळ्यांत हलक्या अनारसालाही आणि ४३० च्या शेवलाही, कारण तो शंभर-शंभर ग्रॅमनेच पुढे जातो. डॉक्टरांनी माझी वही मागून घेतली आणि प्रत्येकाचा डोस त्यावरून काढला. ४३० रुपयांच्या काट्याचा असा मान मी तरी पाहिला नव्हता. (तपासायच्या फीवर मात्र सूट नाही.)

भांडी बदलत गेली. श्रीखंडाचा डबा तीन आठवडे, मग आइस्क्रीमचा एक लिटरचा, मग पुरणाचं पातेलं, ते आता पुरणाला वापरत नाही, आणि शेवटी भाजीची जाळीची टोपली. तबकडीपेक्षा मोठं भांडं ठेवलं की आकड्याची खिडकी झाकली जाते, ही चौथी तक्रार समजा, मी वर तीन म्हटलं होतं. मधे उलटी वाटी ठेवून टोपली उंच केली की दिसतं.

आठव्या आठवड्याच्या शेवटी शेव ९०५, चकली ८४०, चिवडा ८१०, अनारसा ७५५. तीन रोगांच्या लसीचा पहिला डोस झाला. श्रावण लागला होता म्हणून कोंबडी बंदच होती, सगळे कोरड्या खाण्यावर. शेव आणि चकली एकत्रच गेली, ठाकुर्लीच्या एका घरात, दोघांना एकत्र नेणार असाल तरच देईन अशी माझी अट होती. चिवडा दुसऱ्या मजल्यावरच गेली. तिरंगी मांजर बहुतेक वेळा मादीच असते, त्यामुळे तिचं ऑपरेशन वेळेत करायचं हे त्यांच्याकडून मी कबूल करून घेतलंय.

राहिली मावशी. पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत व्यायला मोकळी. म्हणजे दिवाळीच्या ऐन ऑर्डरींत पुन्हा गॅलरीत खोकं. तेव्हा पिल्लं सुटल्याबरोबर, गणपतीच्या आधी, तिचं ऑपरेशन करून घेतलं. भुलीचं प्रमाणही वजनावरच. तिला जाळीच्या टोपलीत बसवून वर ताट झाकलं, ताटावर हात न टेकवता एक क्षण थांबले. टोपली-ताट वजा जाता २ किलो ८६०. दहा किलोच्या काट्याचा तेवढाच एक दिवस खरा कस लागला. भुलीतच तिच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापलंय, म्हणजे ऑपरेशन झालेली मांजर लांबून ओळखू येते आणि कोणी पुन्हा पकडून नेत नाही. आता ती बिल्डिंगमध्ये पूर्वीसारखीच न सांगता येते आणि खाऊन जाते.

पाचपैकी चार तारे. एक एककाच्या बटणाचा कापला. सेल नऊ आठवड्यांत एकदाच बदलले, ते संपत आले की आकडा उगाच भरकटायला लागतो, तेव्हा लगेच बदला. पिल्लं तोलायला घेणार असाल तर दुकानातच दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, ७७ आली तर घ्या.

अनारसा आमच्याकडेच आहे. परवा १ किलो ४१० भरला. आता त्याचं रोज वजन करायची गरज नाही, सासूबाई करतात.

आणि हो, दोन जणींनी फोन करून विचारलंच म्हणून पुन्हा सांगते. फराळाचा काटा वेगळा आहे, कपाटात असतो, झाकून. त्यावर कोणी बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही.